मुंबई ते न्यूयॉर्क नक्की किती किलोमीटर? एकाच प्रवासाची तीन वेगळी अंतरे

धुळे : घरातला मुलगा किंवा मुलगी शिकायला, नोकरीला अमेरिकेत निघाली की पहिला प्रश्न तिकिटाचा असतो आणि दुसरा अंतराचा. मोबाइलवर 'मुंबई ते न्यूयॉर्क' असे शोधले की साधारण साडेबारा हजार किलोमीटर असे उत्तर मिळते. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून हिशेब केला तर आकडा चौदा हजारांच्या पुढे जातो. विमान प्रत्यक्षात किती उडाले, हे पाहिले तर तिसराच आकडा समोर येतो.

जवळच्या प्रवासातही हेच होते. जळगाव ते मुंबई रेल्वेने सुमारे ४२० किलोमीटर आहे. विमानतळ ते विमानतळ सरळ मोजले तर ३५५ किलोमीटरच्या आसपास. मग खरे अंतर कोणते? आणि तिकिटाचे भाडे, सरकारी अनुदान किंवा उशिरासाठी मिळणारी भरपाई यातल्या कोणत्या आकड्यावर ठरते? समजून घेऊ या.

थोडक्यात

- विमानतळांमधले पहिले अंतर भूगोलाचे. ते पृथ्वीच्या गोल पृष्ठभागावरून मोजतात आणि ते बदलत नाही.
- दुसरे अंतर विमानाने प्रत्यक्ष कापलेले. वारा, हवामान आणि देशांच्या हवाई हद्दीप्रमाणे ते रोज बदलू शकते.
- तिसरे अंतर प्रवाशाचे, म्हणजे घराच्या दारापासून मुक्कामाच्या दारापर्यंत.
- भरपाईचे नियम भारतात वेळेवर आणि युरोपात किलोमीटरवर चालतात.

अंतर नेमके कुठून कुठे मोजतात?

शहर ते शहर मोजायचे तर शहराचा मध्य कोणता धरायचा, हा वाद असतो. विमानतळाच्या बाबतीत तो वाद नाही. प्रत्येक विमानतळाचा एक अधिकृत संदर्भबिंदू ठरलेला असतो. त्याचे अक्षांश-रेखांश सरकारी हवाई माहितीपुस्तिकेत छापलेले असतात. हा बिंदू साधारणपणे धावपट्टीच्या मध्याजवळ असतो, टर्मिनलच्या दारात नाही.

हे अक्षांश-रेखांश जगभर एकाच पद्धतीने दिले जातात. 'डब्ल्यूजीएस-८४' नावाची ही मोजणी पद्धत आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतुकीसाठी १ जानेवारी १९९८ पासून प्रमाण मानली जाते. आपल्या मोबाइलमधले जीपीएसही तीच पद्धत वापरते. वैमानिक मात्र किलोमीटरऐवजी सागरी मैल वापरतात. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर.

जळगाव ते मुंबई : मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर

जवळच्या दोन विमानतळांमधले अंतर काढायला शाळेतले गणित पुरते. पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर आहे. त्याला ३६० ने भागले की एक अंश म्हणजे साधारण १११ किलोमीटर.

जळगाव विमानतळ २०.९६ अंश उत्तर अक्षांशावर आणि ७५.६३ अंश पूर्व रेखांशावर आहे. मुंबई विमानतळ १९.०९ अंश उत्तर आणि ७२.८७ अंश पूर्व.

- उत्तर-दक्षिण फरक : १.८७ अंश. त्याला १११ ने गुणले की सुमारे २०८ किलोमीटर.
- पूर्व-पश्चिम फरक : २.७६ अंश. इथे थेट १११ ने गुणून चालत नाही. रेखांश ध्रुवाकडे जाताना एकमेकांच्या जवळ येतात, म्हणून अक्षांशाच्या कोसाइनने गुणावे लागते. आपल्याकडे ती संख्या ०.९४ आहे. उत्तर आले सुमारे २८८ किलोमीटर.
- आता पायथागोरस. २०८ चा वर्ग अधिक २८८ चा वर्ग, आणि त्या बेरजेचे वर्गमूळ. उत्तर : सुमारे ३५५ किलोमीटर.

जळगाव ते इंदूर तर याहून सोपे. दोन्ही विमानतळ जवळपास एकाच रेखांशावर आहेत, त्यामुळे फक्त अक्षांशांचा फरक घ्यायचा. १.७६ गुणिले १११, म्हणजे सुमारे १९५ किलोमीटर. अचूक मोजणीत यात जेमतेम एखाद-दुसऱ्या किलोमीटरची भर पडते.

हा हिशेब खान्देशाला नवा नाही

अक्षांशांच्या फरकावरून अंतर आणि अंतरावरून पृथ्वीचा परीघ काढण्याची ही रीत भास्कराचार्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी'त सांगितली आहे. हा ग्रंथ इ.स. ११५० चा. त्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला. त्याची नोंद असलेला शिलालेख जळगाव जिल्ह्यातल्या चाळीसगाव तालुक्यात पाटण इथे, पाटणादेवीच्या परिसरात सापडला.

त्यांचा युक्तिवाद साधा त्रैराशिकाचा होता. उत्तर-दक्षिण असलेल्या दोन गावांमधले अंतर माहीत आहे, त्यांच्या अक्षांशांमधला फरकही माहीत आहे. एवढ्या अंशांना एवढे अंतर, तर ३६० अंशांना किती? त्यांनी परीघ ४,९६७ योजने दिला. योजनाच्या लांबीबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. ती आठ किलोमीटर धरली, तर हा परीघ जवळपास ३९,७०० किलोमीटर भरतो.

उज्जैन विषुववृत्तापासून परिघाच्या सोळाव्या भागाइतके दूर आहे, असेही त्यांनी म्हटले. सोळावा भाग म्हणजे २२.५ अंश. आजच्या मोजणीत उज्जैनचा अक्षांश २३.२ अंशांच्या आसपास आहे. प्राचीन भारतीय ज्योतिषाची शून्य रेखांश रेषा उज्जैनवरून जात असे, आणि जळगाव त्या रेषेच्या अगदी जवळ, जवळपास थेट दक्षिणेला आहे. आपल्या अक्षांशावरचा परीघ विषुववृत्तावरच्या परिघापेक्षा लहान असतो, हेही त्यांच्या गणितात होते. वर आपण ०.९४ ने गुणले, ते त्याच कारणाने.

जमीन सपाट का दिसते, यावरही त्यांचे उत्तर होते : परिघाचा शंभरावा भाग डोळ्यांना सपाटच वाटतो. लांबच्या विमानप्रवासाचे अंतर काढताना नेमका हाच मुद्दा आडवा येतो.

लांबच्या प्रवासात हे गणित का फसते?

जळगाव-मुंबईसाठी वापरलेली पद्धत मुंबई-न्यूयॉर्कला लावून पाहा. उत्तर येते सुमारे १४,३०० किलोमीटर. बरोबर उत्तर आहे सुमारे १२,५४० किलोमीटर. चूक तब्बल पावणेदोन हजार किलोमीटरची. कारण पायथागोरसचा त्रिकोण सपाट कागदावरचा आहे. साडेतीनशे किलोमीटरमध्ये पृथ्वीचा बाक जाणवत नाही, बारा हजारांत तो टाळताच येत नाही.

घरी पृथ्वीचा गोल असेल तर एक दोरा घ्या. एक टोक मुंबईवर, दुसरे न्यूयॉर्कवर धरा आणि दोरा ताणा. तो युरोपच्या दक्षिणेकडून सरळ पश्चिमेला जाणार नाही. तो वर सरकेल. पाकिस्तान, मध्य आशिया, रशिया, मग ६५ अंश उत्तर अक्षांशाजवळून आइसलँड, ग्रीनलँडचे दक्षिण टोक आणि तिथून खाली न्यूयॉर्क. या ताणलेल्या दोऱ्याच्या वाटेला बृहद्‌वृत्त किंवा ग्रेट सर्कल म्हणतात. गोलावरच्या दोन बिंदूंमधला सगळ्यात जवळचा रस्ता तोच.

न्यूयॉर्क पश्चिमेला असूनही हा रस्ता मुंबईतून उत्तर-वायव्येला निघतो. कारण उत्तरेकडे रेखांश दाटीवाटीने येतात. विषुववृत्तावर एक अंश रेखांश ओलांडायला १११ किलोमीटर जावे लागते, आपल्या जळगावच्या अक्षांशावर सुमारे १०४, तर ६५ अंश उत्तरेला फक्त ४७. पूर्व-पश्चिम अंतर कापायला वरचा रस्ता स्वस्त पडतो.

शाळेच्या भिंतीवरच्या नकाशात हे दिसत नाही, कारण त्यात रेखांश समांतर काढलेले असतात. मर्केटर पद्धतीच्या नकाशावर मुंबई-न्यूयॉर्क सरळ रेषा काढून तीवरून विमान नेले, तर सुमारे १४,२०० किलोमीटर उडावे लागेल. नकाशावर वाकडा दिसणारा रस्ता प्रत्यक्षात जवळचा असतो.

गोलावरचे अंतर काढण्यासाठी संगणकात 'हॅव्हरसाइन' नावाचे त्रिकोणमितीचे सूत्र वापरतात. मोबाइलवरच्या अंतर मोजणाऱ्या बहुतेक साध्या सोयी या किंवा याच जातीच्या सूत्रांवर चालतात. त्यातही एक बारीक मेख आहे. पृथ्वी अगदी गोल नाही, ध्रुवांकडे थोडी दबलेली आहे. विषुववृत्तावर तिची त्रिज्या ६,३७८ किलोमीटर, तर ध्रुवाकडे ६,३५७. पृथ्वीला पूर्ण गोल मानणाऱ्या सूत्रात त्यामुळे अर्ध्या टक्क्यापर्यंत फरक पडू शकतो. दोन वेबसाइटवर एकाच प्रवासाचे आकडे थोडे वेगळे दिसतात, त्यामागे बऱ्याचदा हेच कारण असते.

हा दबलेला आकार मोजण्यात महाराष्ट्राच्या मातीचाही वाटा आहे. १८०२ मध्ये मद्रासजवळ सुरू झालेल्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचे प्रमुख विल्यम लॅम्बटन दक्षिणेकडून मोजत मोजत विदर्भापर्यंत आले होते. जानेवारी १८२३ मध्ये वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाट इथे त्यांचे निधन झाले. त्यांची कबर तिथेच आहे.

मग विमान त्याच रेषेवरून जाते का?

क्वचितच. बृहद्‌वृत्त ही कागदावरची आदर्श वाट. प्रत्यक्ष वाट त्याहून लांब असते.

पहिले कारण उड्डाण आणि उतरणे. विमान धावपट्टीच्या दिशेने उडते, मग वळते. उतरतानाही ठरलेल्या वाटेने येऊन धावपट्टीशी रांगेत यावे लागते. मुंबईची मुख्य धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे, आणि गर्दी असेल तर विमानाला हवेत घिरट्या घालाव्या लागतात. छोट्या मार्गांवर ही भर जास्त जाणवते. एटीआरसारखे छोटे विमान ताशी ५०० किलोमीटर वेगाने उडत असेल, तर ३५५ किलोमीटर ४३ मिनिटांत संपायला हवेत. वेळापत्रकात मात्र त्याहून जास्त वेळ धरलेला असतो, तो यासाठीच.

दुसरे कारण देशांची हवाई हद्द. मुंबई-न्यूयॉर्कचा सर्वांत जवळचा रस्ता सिंधवरून जातो. बालाकोटनंतर २७ फेब्रुवारी २०१९ रोजी पाकिस्तानने आपली हद्द बंद केली, ती जुलैच्या मध्यापर्यंत पूर्ण खुली झाली नव्हती. एप्रिल २०२५ मध्ये पहलगाम हल्ल्यानंतर तणाव वाढला आणि भारतीय विमान कंपन्यांसाठी ती पुन्हा बंद झाली. अशा वेळी पश्चिमेकडे जाणारी विमाने अरबी समुद्रावरून वळसा घेतात. इंधन जास्त लागते, वेळ वाढतो, काही विमानांना वाटेत इंधनासाठी थांबावे लागते. दोन विमानतळांमधले भौगोलिक अंतर मात्र एका मीटरनेही बदललेले नसते.

जास्त अंतर, तरी कमी वेळ!

वळसा नेहमी तोट्याचाच असतो, असेही नाही. एअर इंडियाचे दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान आधी युरोप आणि अटलांटिकवरून जात असे. तो मार्ग सुमारे १३,९०० किलोमीटरचा. ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपनीने हेच विमान उलट्या दिशेने, पॅसिफिक महासागरावरून नेले. अंतर झाले सुमारे १५,३०० किलोमीटर. वेळ मात्र जवळपास दोन तासांनी कमी होऊन साडेचौदा तासांवर आला. या दोन शहरांमधले बृहद्‌वृत्ताचे अंतर १२,३८० किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे दोन्ही वाटा त्याहून बऱ्याच लांब.

१,४०० किलोमीटर जास्त उडूनही विमान लवकर पोहोचले, ते वाऱ्यामुळे. उंचावर, दहा-बारा किलोमीटरवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. तापीच्या प्रवाहाबरोबर जाणारी होडी आणि प्रवाहाविरुद्ध जाणारी होडी, हाच फरक. पूर्वेकडे जाताना वारा पाठीशी येतो, पश्चिमेकडे जाताना तो तोंडावर येतो. म्हणूनच अमेरिकेला जाताना आणि परत येताना लागणारा वेळ सारखा नसतो. पृथ्वी फिरते म्हणून असे होते, हा समज चुकीचा आहे. पृथ्वीबरोबर तिचे वातावरणही फिरते आणि विमान त्या वातावरणातच उडत असते.

पैशांचा हिशेब कोणत्या आकड्यावर?

उडान योजना : जळगावचे विमानतळ नियमित प्रवासी सेवेच्या नकाशावर आले ते केंद्राच्या या योजनेतून. डिसेंबर २०१७ मध्ये एअर डेक्कनने मुंबई-जळगाव सेवा सुरू केली, २०१९ मध्ये ट्रूजेट आली, २०२४ मध्ये फ्लाय ९१ ने गोवा, हैदराबाद आणि पुण्याला जोडले. योजनेच्या सुरुवातीला सुमारे ५०० किलोमीटर किंवा तासाभराच्या उड्डाणासाठी ठरावीक जागांचे भाडे २,५०० रुपयांवर बांधले होते. इतर टप्प्यांसाठी ते त्या प्रमाणात ठरत होते. विमान कंपनीला मिळणारे तूट भरपाई अनुदानही टप्प्याच्या लांबीशी जोडलेले आहे. 'उडान ५.०' मध्ये टप्प्याच्या लांबीवरची ६०० किलोमीटरची मर्यादा काढली गेली, अनुदान मात्र ६०० किलोमीटरपर्यंतच मोजले जाते. छोट्या विमानतळावरून कोणता मार्ग परवडेल, हे अशा आकड्यांवरही ठरते.

भारतात भरपाई : इथे किलोमीटर विचारात घेत नाहीत. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे, म्हणजे डीजीसीएचे नियम 'ब्लॉक टाइम' पाहतात. विमान पार्किंगमधून हलते तिथपासून मुक्कामाच्या पार्किंगमध्ये थांबते तिथपर्यंतचा वेळ म्हणजे ब्लॉक टाइम. नियमानुसार पूर्वसूचना न देता विमान रद्द झाले आणि नियमातले अपवाद लागू नसतील, तर एक तासापर्यंतच्या उड्डाणासाठी ५,००० रुपये, एक ते दोन तासांसाठी ७,५०० आणि त्यापुढे १०,००० रुपये. ही रक्कम किंवा एकेरी मूळ भाडे अधिक इंधन अधिभार, यांपैकी जे कमी ते मिळते.

युरोपात भरपाई : तिथे २००४ च्या नियमानुसार सगळे अंतरावर चालते. १,५०० किलोमीटरपर्यंत २५० युरो, लांबच्या आंतरराष्ट्रीय प्रवासात ३,५०० पर्यंत ४०० आणि त्यापुढे ६०० युरोपर्यंत. अंतर बृहद्‌वृत्तानेच मोजायचे, असे नियमात स्पष्ट लिहिले आहे. विमान युरोपीय संघातल्या विमानतळावरून निघत असेल, तर भारतीय प्रवाशालाही हा नियम लागू होतो. म्हणजे जर्मनीत शिकणाऱ्या आपल्या मुलांच्या परतीच्या प्रवासालाही.

यावरून खटलाही झाला. रोमहून ब्रुसेल्समार्गे हॅम्बुर्गला जाणाऱ्या प्रवाशांना तीन तासांहून जास्त उशीर झाला. दोन्ही टप्प्यांची बेरीज १,६५६ किलोमीटर होत होती, तर रोम-हॅम्बुर्ग थेट अंतर १,३२६ किलोमीटर. बेरीज धरली तर ४०० युरो, थेट अंतर धरले तर २५०. युरोपीय न्यायालयाने सप्टेंबर २०१७ मध्ये निकाल दिला : प्रवाशाने किती किलोमीटर उडून काढले ते महत्त्वाचे नाही, पहिला विमानतळ आणि शेवटचा विमानतळ यांतले बृहद्‌वृत्ताचे अंतरच धरायचे. एका व्याख्येने प्रत्येक प्रवाशाचे १५० युरो गेले.

धुळेकरांसाठी तिसरे अंतर

धुळ्याजवळ गोंदूरला धावपट्टी आहे, शिरपूरजवळ तांडे इथेही आहे. दोन्हींची ओळख वैमानिक प्रशिक्षणासाठी आहे, नियमित प्रवासी विमानांसाठी नाही. त्यामुळे धुळेकराला विमान धरायचे तर आधी रस्ता धरावा लागतो.

धुळे ते मुंबई हवाई अंतर सुमारे २८० किलोमीटर आहे. महामार्गाने ते सव्वातीनशेच्या आसपास भरते. आता जळगावहून विमानाने जायचे ठरवले, तर आधी सुमारे १०० किलोमीटर उलट्या दिशेला, पूर्वेकडे जावे लागते, आणि मग ३५५ किलोमीटर विमानाने. एकूण साडेचारशेहून जास्त. त्यात विमानतळावर लवकर पोहोचण्याचा वेळ मिळवा. मुंबईसाठी हा सौदा परवडेलच असे नाही. गोवा किंवा हैदराबादसाठी मात्र चित्र पूर्ण उलटे असू शकते, कारण तिथे रस्त्याने किंवा रेल्वेने जाणारा वेळ फार मोठा आहे. छोट्या विमानतळाचा उपयोग किती जणांना होईल, हे ठरवताना विमानतळांमधल्या रेषेपेक्षा हे तिसरे अंतर जास्त बोलते.

तुम्हाला स्वतः मोजायचे असेल तर

- गुगल मॅप्सवर निघण्याच्या विमानतळावर बोट दाबून धरा. पिन आली की माहितीच्या पट्टीतला 'मेजर डिस्टन्स' पर्याय निवडा आणि नकाशा दुसऱ्या विमानतळापर्यंत सरकवा. हे झाले पहिले अंतर.
- भारतातल्या प्रवासासाठी तिकीट जपून ठेवा. निघण्याची आणि पोहोचण्याची छापील वेळ भरपाईच्या दाव्यात किलोमीटरपेक्षा जास्त कामाची आहे.
- युरोपमार्गे प्रवास असेल तर सगळे टप्पे एकाच बुकिंगमध्ये आहेत का, ते पाहा. अंतर पहिल्या आणि शेवटच्या विमानतळामधले धरले जाते.
- अमेरिका-युरोपच्या प्रवासात जुन्या अनुभवावर पुढचे कनेक्शन ठरवू नका. हवाई हद्दीचे निर्बंध आणि वारा यांमुळे तोच प्रवास तासाभराने लांबू शकतो. दोन विमानांमध्ये पुरेसा वेळ ठेवा.